ऑनलाइन थेरपी सुरू करताय? आधी एवढं तपासून घ्या

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देतात का?' 'स्क्रीनवर बोलून खरंच फरक पडतो?' 'मुलगी तासभर दार लावून काय बोलते, हे आईला कळायला नको?' 'इन्स्टाग्रामवर दिसतात ते सगळे थेरपिस्टच असतात ना?' मानसिक आरोग्याचा विषय निघाला की वाचक हे प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहेत, कारण करोनाच्या टाळेबंदीत नाइलाज म्हणून सुरू झालेली ऑनलाइन थेरपी आता नेहमीची झाली आहे आणि ती देणाऱ्यांची गर्दीही वाढली आहे.

ज्यांच्या गावात तज्ज्ञच नाहीत, त्यांची या सोयीने मोठी अडचण दूर झाली. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की, वेगवेगळ्या मानसिक आजारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. गडचिरोलीतल्या शिक्षिकेला किंवा सिंधुदुर्गातल्या बारावीच्या विद्यार्थ्याला आता पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी मराठीतून बोलता येतं, तेही एसटीचा प्रवास न करता. मात्र समोरची व्यक्ती कोण आहे, तिचं शिक्षण काय आणि आपण सांगितलेलं कुठवर जाईल, हे ऑनलाइन उपचारात तुम्हालाच आधी विचारून घ्यावं लागतं.

कोणाकडे कशासाठी जायचं?

- मानसोपचारतज्ज्ञ (सायकिॲट्रिस्ट): हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान करतात आणि औषधं लिहून देतात.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णालयात देखरेखीखाली प्रशिक्षण घेतलेले तज्ज्ञ. मूल्यमापन, मानसशास्त्रीय चाचण्या आणि थेरपी हे त्यांचं काम. ते औषधं देत नाहीत.
- समुपदेशक (कौन्सेलर): नात्यांतले ताण, अभ्यास, करिअर, दुःखातून सावरणं यांसाठी मदत करतात. त्यांच्या शिक्षणात बराच फरक आढळतो, म्हणून पदवी आणि प्रशिक्षण विचारावंच.
- लाइफ कोच, हीलर, मोटिव्हेशनल स्पीकर: यांच्यासाठी कोणतीही वैद्यकीय किंवा मानसशास्त्रीय पात्रता बंधनकारक नाही. नैराश्य, पॅनिक अटॅक, ओसीडी (मंत्रचळ), स्वतःला इजा करणं यांवरचे उपचार यांच्याकडे घेऊ नका.

पुष्कळांना मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या दोघांचीही गरज पडते. तीव्र नैराश्यात औषधाने झोप आणि भूक जागेवर येते, मग थेरपीत मन लागतं. एकाकडे गेलात म्हणून दुसऱ्याला सोडायची गरज नाही. दोघांनाही एकमेकांविषयी सांगा.

नोंदणी कशी तपासायची?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. नोंदणी झालेल्या प्रत्येकाला सीआरआर क्रमांक मिळतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टसाठी कोणतं शिक्षण लागतं, याची व्याख्या दिली आहे. नुसतं एमए सायकॉलॉजी किंवा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स त्या व्याख्येत बसत नाही.

तुम्ही एवढं करा:

1. अपॉइंटमेंट घेतानाच पूर्ण नाव, शिक्षण आणि सीआरआर क्रमांक मागा. पात्र तज्ज्ञ तो विनातक्रार देतात.
2. आरसीआयच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून नोंदणी शोधा. ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणूनच आहे ना आणि तिची मुदत चालू आहे ना, हे पाहा.
3. एखाद्या ॲपवरून तज्ज्ञ मिळत असेल, तर 'आमचे सगळे तज्ज्ञ प्रमाणित आहेत' या वाक्यावर थांबू नका. तुम्हाला मिळालेल्या व्यक्तीचं नाव तपासा.
4. मुलासाठी तज्ज्ञ शोधत असाल, तर मुलांसोबत आणि किशोरवयीनांसोबत काम केल्याचा अनुभव स्वतंत्रपणे विचारा.

ऑनलाइन कुठे चालतं, कुठे नाही?

चिंता, सौम्य ते मध्यम नैराश्य, पॅनिक अटॅक, झोपेच्या तक्रारी, समाजात वावरण्याची भीती, नात्यांतले ताण या बाबतींत ऑनलाइन थेरपीचे निष्कर्ष समोरासमोरच्या थेरपीच्या जवळपास येतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. काही ठिकाणी तर ऑनलाइनचा खास फायदा होतो. ओसीडीमध्ये पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्या किंवा कुलूप तपासणाऱ्या माणसाचा त्रास त्याच्या घरातल्या बेसिनपाशी आणि दारापाशी घडतो. व्हिडिओ कॉलवर तज्ज्ञ तिथेच, त्या क्षणी, न धुता किंवा न तपासता थांबायचा सराव करून घेऊ शकतात.

पुढच्या परिस्थितीत मात्र फक्त ऑनलाइनवर अवलंबून राहू नका:

- आत्महत्येचे विचार तीव्र आहेत, किंवा त्याची तयारी केली आहे.
- कानात आवाज येतात, कोणी पाळत ठेवतंय असं ठामपणे वाटतं, किंवा अनेक रात्री झोप नसूनही उत्साह ओसंडून वाहतोय.
- दारू रोजची आहे आणि ती सोडायची आहे. अचानक सोडल्यास फिट्स येऊ शकतात, म्हणून आधी डॉक्टर गाठा.
- खाणं जवळजवळ बंद आहे आणि वजन झपाट्याने उतरतंय.
- घरात मारहाण होते आणि मारणारी व्यक्ती तुमचा कॉल ऐकू शकते.
- मूल इतकं लहान आहे की ते खेळातूनच व्यक्त होतं.

अशा वेळी जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर किंवा रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था हे मार्ग खुले आहेत. शिवाय सततचा थकवा आणि उदासी थायरॉइडच्या बिघाडामुळे किंवा बी-१२च्या कमतरतेमुळेही येते. थेरपी सुरू करताना फॅमिली डॉक्टरांकडून एकदा रक्त तपासून घ्या.

पहिल्या सेशनआधीची तयारी

सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. वन बीएचकेमध्ये पाच माणसं राहत असतील, तर एवढा वेळ एकांत मिळवणं हाच अवघड भाग ठरतो. त्यावर लोक वापरतात असे काही उपाय:

- घरी कोणी नसेल ती वेळ कायमची ठरवून घ्या. ते जमत नसेल तर गच्ची, मैत्रिणीचं घर, पार्किंगमध्ये थांबलेली गाडी चालते. गाडी चालवताना मात्र सेशन घेऊ नका.
- इअरफोन वापरा. खोलीबाहेर पंखा किंवा रेडिओ चालू ठेवला तर आवाज बाहेर कमी जातो.
- व्हॉट्सॲपवर येणारे अपॉइंटमेंटचे मेसेज लॉक स्क्रीनवर दिसणार नाहीत, असं सेटिंग करा.
- कोणी अचानक आत आलं तर काय म्हणायचं, हे तज्ज्ञांशी आधीच ठरवा. 'ऑफिसचा रिपोर्ट नंतर पाठवते' एवढं वाक्यही पुरतं.
- कॉल तुटला तर कोण कोणाला आणि कोणत्या नंबरवर फोन करणार, हे ठरवा.

जबाबदार तज्ज्ञ सुरुवातीलाच तुमची ओळख, तुम्ही या क्षणी कुठे आहात तो पत्ता आणि तातडीच्या वेळी फोन करता येईल अशा एका व्यक्तीचा नंबर विचारतात. तो देण्यात संकोच करू नका. शेकडो किलोमीटरवरून तुम्हाला मदत पाठवायची वेळ आली, तर ती या माहितीच्या आधारेच पाठवता येते.

पहिल्या सेशनमध्ये विचारायचे प्रश्न

- माझ्या त्रासावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम कराल? सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी), आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) की आणखी काही?
- अंदाजे किती सेशन लागतील? मध्ये प्रगतीचा आढावा कधी घेऊ?
- मी सांगितलेलं कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत कळू शकतं?
- तुमच्या नोंदी कुठे आणि किती काळ राहतात? सेशन रेकॉर्ड होतं का?
- फी किती? सेशन रद्द करायचं असल्यास किती तास आधी कळवायचं?
- दोन सेशनच्या मध्ये मेसेज केला तर उत्तर मिळेल का?

प्रौढांसाठी

'तीन सेशन झाली, नुसतं बोलतोच आहोत,' अशी तक्रार बऱ्याचदा कानावर येते. सीबीटीसारख्या आखीव थेरपीत बहुधा १२ ते २० सेशन लागतात. पहिली दोन-तीन तुमचा त्रास समजून घेण्यात जातात. त्यानंतर मात्र काम दिसायला हवं: विचारांची नोंद, झोपेची डायरी, टाळलेल्या गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं. आरईबीटी हे नाव मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे. अल्बर्ट एलिस यांची ही पद्धत कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात शिकवली आणि रुजवली. तिच्यातही दिलेला गृहपाठ आठवडाभर करावा लागतो.

पाच-सहा सेशननंतर तज्ज्ञांना थेट विचारा: 'ठरवलेल्या उद्दिष्टांपैकी काय साधलं?' उत्तर मोघम असेल, किंवा तुमचे सूर जुळत नसतील, तर तज्ज्ञ बदला. त्यात अपमान कोणाचाच नाही. आधीच्या तज्ज्ञांकडून सारांश मागून घ्या, म्हणजे नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.

कंपनीतर्फे थेरपी मिळत असेल, तर मोफत सेशन किती आणि एचआरकडे नेमकी कोणती माहिती जाते, हे लेखी विचारून घ्या.

किशोरवयीन वाचकांसाठी

तुमचं वय १८पेक्षा कमी असेल, तर नियमित थेरपीसाठी पालकांची संमती लागते. घरी विषय काढणं अवघड वाटत असेल, तर विश्वासातल्या शिक्षिकेला, मावशीला, आजोबांना मध्ये घ्या. 'मला वेड लागलेलं नाही, पण दोन महिने झोप नाही आणि अभ्यासात लक्ष लागत नाही' असं नेमकं सांगितलं, तर घरच्यांना समजायला सोपं जातं.

तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट तज्ज्ञ आई-बाबांना सांगत नाहीत. मैत्री, भांडणं, मनातला राग, परीक्षेची भीती हे तुमच्यात आणि त्यांच्यात राहतं. याला अपवाद आहेत आणि ते आधीच माहीत असावेत:

- तुमच्या जिवाला, किंवा तुमच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर तज्ज्ञ पालकांना कळवतात. बहुतेक वेळा तुम्हाला सांगूनच कळवतात.
- १८ वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायदा २०१२नुसार पोलिसांना कळवणं कोणावरही बंधनकारक आहे. तज्ज्ञही त्याला अपवाद नाहीत.

कॅमेऱ्यासमोर बसायला नको वाटत असेल, तर तसं सांगा. सुरुवातीला कॅमेरा बंद ठेवून बोलायला, चित्र काढून दाखवायला, चॅटमध्ये लिहायला अनेक तज्ज्ञ तयार असतात. आणि एआय चॅटबॉट रात्री दोन वाजताही उत्तर देतो हे खरं, पण तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. तुमची जबाबदारी घेणारं तिथे कोणी नसतं. जीव नकोसा झाला असेल, तर माणसाशीच बोला.

पालकांसाठी

सर्वांत अवघड गोष्ट तुमच्या वाट्याला येते: फी तुम्ही भरायची आणि दाराबाहेर थांबायचं. सेशन संपताच 'काय विचारलं? आमच्याबद्दल काय सांगितलंस?' असं विचारलं, की मूल पुढच्या वेळी मोजूनमापून बोलतं आणि थेरपी तिथेच अडते. दाराला कान लावणं, फोनमधली हिस्टरी तपासणं, दुसऱ्या फोनवरून ऐकणं यांनीही तेच होतं. तुम्हाला काय कळेल आणि काय नाही, हे पहिल्याच सेशनमध्ये तिघांनी मिळून ठरवा. दर तीन-चार आठवड्यांनी पालकांसाठी वेगळा वेळ मागा. तो तुमचा हक्क समजा.

मूल लहान असेल आणि तक्रार हट्ट, मारणं, शाळेत न जाणं अशी असेल, तर तज्ज्ञ तुमच्यासोबतच जास्त काम करतील. सूचना कशा द्यायच्या, चांगल्या वागण्याची दखल कशी घ्यायची, ठरवलेला नियम आई-बाबा-आजी तिघांनी सारखाच कसा पाळायचा, हे पालकांना शिकवणं ही या वयातली परिणामकारक पद्धत आहे. अशी सेशन्स ऑनलाइन छान होतात. नोकरी करणारे आई-वडील वेगवेगळ्या ठिकाणांहूनही जोडले जातात.

तीन ठिकाणी सावध राहा:

- अध्ययन अक्षमतेचा दाखला: दहावी-बारावीच्या सवलतींसाठी खासगी ऑनलाइन चाचणीचा अहवाल पुरत नाही. मुंबईत सायन, केईएम, नायर यांसारख्या अधिकृत रुग्णालयांत प्रत्यक्ष तपासणी होते आणि तिथे वेळ लागतो. नववीतच नंबर लावा.
- बुद्ध्यांक चाचण्या: यांतल्या अनेक चाचण्यांत ठोकळे आणि चित्रं हाताळावी लागतात. स्क्रीनवर दहा मिनिटांत काढलेल्या बुद्ध्यांकावर मुलाचं भवितव्य ठरवू नका.
- 'मुलाला सरळ करून देतो' असं आश्वासन: समलैंगिक असणं हा आजार नाही. ते 'बरं' करण्याच्या कन्व्हर्जन थेरपीला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असं आश्वासन देणाऱ्याकडे मुलाला पाठवू नका.

शाळा-कॉलेजकडेही मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे.

मुलं परदेशात असतील तर

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला पुण्यातल्या थेरपिस्ट ताईंशी मराठीत बोलावंसं वाटतं, हे स्वाभाविक आहे. पण अमेरिकेत मानसशास्त्रज्ञाचा परवाना राज्यागणिक असतो आणि उपचार घेणारा ज्या राज्यात आहे, तिथला कायदा लागू होतो. त्यामुळे भारतातले अनेक तज्ज्ञ परदेशी राहणाऱ्यांना नकार देतात किंवा मर्यादित मदत करतात. आधी विद्यापीठाचं समुपदेशन केंद्र गाठायला सांगा. ब्रिटनमध्ये असलेल्यांनी तज्ज्ञाचं नाव एचसीपीसी या नोंदणी परिषदेच्या यादीत पाहावं. इंग्लंडमध्ये एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेच्या टॉकिंग थेरपीजकडे प्रौढांना स्वतःहून नाव नोंदवता येतं. अमेरिकेत संकटकाळी ९८८ हा क्रमांक आहे.

फी आणि विमा

- एका सेशनची फी शहर, अनुभव आणि संस्था यांनुसार काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत जाते. विद्यार्थ्यांसाठी किंवा कमी उत्पन्न असलेल्यांसाठी सवलत आहे का, हे मोकळेपणाने विचारा.
- वीस सेशनचं पॅकेज एकदम घेऊ नका. दोन-तीन सेशन होऊ द्या.
- प्रत्येक वेळी पावती घ्या. तिच्यावर नाव आणि नोंदणी क्रमांक असावा.
- शारीरिक आजारांच्याच धर्तीवर मानसिक आजारांनाही विमा द्यावा, असं २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २१(४) सांगतं. पण बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्याशिवाय खर्च देत नाहीत. थेरपी ही ओपीडी सेवा आहे, तेव्हा पॉलिसीत ओपीडी आहे का, ते पाहा.

तुमचे हक्क

- गोपनीयता: याच कायद्याच्या कलम २३नुसार उपचार करणाऱ्यांनी तुमची माहिती गुप्त ठेवायची आहे. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याचा संभव, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. नवरा, सासरची मंडळी किंवा साहेब यांनी नुसतं विचारलं म्हणून माहिती देता येत नाही.
- नोंदी पाहणं: कलम २५नुसार स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागता येतात.
- आत्महत्येचा प्रयत्न: कलम ११५ अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली मानतं आणि तिला उपचार व पुनर्वसन देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. खटल्याच्या भीतीने उपचार लांबवू नका.
- तक्रार: नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टविरुद्ध आरसीआयकडे, सेवेतल्या त्रुटीबद्दल राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आणि पैशांच्या फसवणुकीबद्दल ग्राहक हेल्पलाइन १९१५वर दाद मागता येते. मेसेज आणि पावत्या जपून ठेवा.

अशा वेळी तिथेच थांबा

- नोंदणी क्रमांक विचारल्यावर टाळाटाळ होते.
- 'तीन सेशनमध्ये नैराश्य मुळापासून' अशी हमी दिली जाते.
- मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगितलं जातं.
- सेशनमध्ये ग्रहदशा सांगितली जाते, ताईत किंवा महागडी सप्लिमेंट्स विकली जातात.
- तज्ज्ञ मैत्री, उसनवारी किंवा लैंगिक जवळीक सुचवतात. हे गंभीर गैरवर्तन आहे, तक्रार करा.
- तुमची गोष्ट परवानगीशिवाय समाजमाध्यमांवर येते, नाव बदलून का असेना.

तातडीची मदत

- टेलि-मानस: १४४१६ किंवा १८००-८९१-४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. मोफत, २४ तास, मराठीतही. थेरपीचा खर्च परवडत नसेल, तर पहिली पायरी म्हणूनही हाच नंबर फिरवा.
- चाइल्ड हेल्पलाइन: १०९८. १८ वर्षांखालील मुलांसाठी.
- आपत्कालीन: ११२.

जीव द्यावासा वाटत असेल, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. घरातल्या कोणाला तरी जवळ बोलवा, औषधं आणि कीटकनाशकं त्यांच्या ताब्यात द्या आणि जवळचं रुग्णालय गाठा. घरात अशी व्यक्ती असेल, तर तिला एकटं सोडू नका. हे नंबर आजच सेव्ह करा आणि घरातल्या मुलांच्या फोनमध्येही टाकून द्या.